चारचौघांतला सराव

सामना बरोबरीत सुटला आणि त्याचे कोणालाही काहीही वाटले नाही. नववी इनिंग संपली, अंपायर मैदानाबाहेर पडले आणि ॲरिझोनातल्या मेसा शहरातील स्लोन पार्कच्या हिरवळीच्या उतारावर चादरी अंथरून पहुडलेली मंडळी चादरी झटकून उठू लागली. एरवीच्या बेसबॉलमध्ये बरोबरी हा प्रकार जवळजवळ नाहीच; निकाल लागेपर्यंत, प्रसंगी मध्यरात्र उलटेपर्यंत, जादा इनिंग खेळत राहावे लागते. हा मात्र मार्च महिन्यातला सराव सामना होता. त्याचा निकाल गुणतक्त्यात जाणार नव्हता, त्यातल्या धावा कोणाच्या कारकिर्दीत जमा होणार नव्हत्या, आणि तरीही आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी, हजारो माणसे पैसे मोजून तो बघायला आली होती. मी त्यांच्यापैकी एक होते. मी मूळची नाशिकची, क्रिकेटवर वाढलेली; गेली चौदा वर्षे फिनिक्सजवळ चँडलरला राहते आणि बेसबॉल हे मला इथे आल्यावर, थोडे उशिराच लागलेले वेड आहे.

आमची संध्याकाळ झाली म्हणजे नाशिकला सकाळ होते. त्या दिवशी दादाशी फोनवर बोलताना मी मोठ्या उत्साहाने दुपारचे वर्णन सुरू केले, तर तो म्हणाला, "अगं, ज्या सामन्याला काही अर्थच नाही, तो बघायला तू रजा काढून गेलीस?" मी हसण्यावारी नेले; पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण त्याच्या आडून आपल्याकडे बराच काळ चाललेला वाद बोलत होता. भारतीय संघाने परदेशी मालिकेआधी सराव सामने खेळावेत की नाहीत, आणि खेळलेच तर ते लोकांदेखत खेळावेत की दारे लावून, यावर घरातल्या व्हॉट्सॲप गटात आमची वर्षभर भांडणे झाली आहेत. दादा दारे लावण्याच्या बाजूचा आहे. मी नाही. त्याचे कारण त्या हिरवळीवर बसल्यावर मला नीट सांगता येईल असे वाटले.

आधी व्यवस्था सांगते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्च संपेपर्यंत मेजर लीगचे, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचे, सगळे ३० संघ दोन उबदार राज्यांत मुक्कामाला येतात. १५ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात. तिकडच्या सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात आणि इकडच्यांना कॅक्टस लीग, यावरून तिथे काय पिकते आणि इथे काय उगवते ते कळावे. १९४७ साली क्लीव्हलँडचा संघ टूसॉनला आणि त्या वेळचा न्यूयॉर्क जायंट्स फिनिक्सला आला, तेव्हापासून ही ॲरिझोनाची परंपरा धरतात. आज हे पंधराही संघ फिनिक्सच्या आसपासच्या १० मैदानांत वाटले गेले आहेत. त्यामुळे एकाच दुपारी सात-आठ ठिकाणी सामने चालू असतात, कधी तर एकाच संघाचे दोन तुकडे करून तो दोन गावांत एकाच वेळी दोन सामने खेळतो, आणि महिना-सव्वा महिन्यात प्रत्येक संघाचे तीसेक सामने होतात. माझे पुढचे बरेचसे म्हणणे या तीसेक सामन्यांवर उभे आहे.

सामन्यात प्रत्यक्ष काय दिसते? पहिल्या दोन इनिंग्जमध्ये खरा संघ दिसतो. मग मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, निघून जातो, आणि त्याचे ठरलेले चेंडू टाकून झाले नसतील तर उरलेले तो बुलपेनमध्ये, म्हणजे कडेच्या सरावाच्या जागेत, टाकून पुरे करतो. समोर सामना चालूच असतो. पाचव्या इनिंगच्या सुमारास मोठी नावे एकेक करून डगआऊटमध्ये जातात आणि पाठीवर ७४, ८८, ९१ असले आकडे असलेली मुले मैदानात येतात. जर्सीवरचा आकडा जितका मोठा तितकी संघात जागा मिळण्याची शक्यता कमी, असा साधारण हिशेब असतो. यातली बरीचशी मुले महिनाअखेरीस दुय्यम लीगमध्ये परत जातील, हे त्यांनाही माहीत असते आणि बघणाऱ्यांनाही.

माझ्या शेजारी आयोवाहून हिवाळ्यापुरते आलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. गुडघ्यावर पुठ्ठा, त्यावर छापील तक्ता, हातात पेन्सिल. ज्या सामन्याची नोंद इतिहासात कुठेच राहणार नव्हती, त्याचा प्रत्येक चेंडू ते टिपून ठेवत होते. बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या तीन वैध चेंडूंवर, बाद झाला की रकान्यात इंग्रजी 'के' हे अक्षर लिहायचे, आणि शेवटचा चेंडू बॅट न फिरवता नुसता बघत राहून तो बाद झाला असेल तर तेच 'के' उलटे लिहायचे, हे मला त्यांनी शिकवले. तिसऱ्या इनिंगमध्ये एक चांगल्या नावाचा पिचर आला आणि त्याने एकच प्रकारचा, किंचित खाली बुडणारा मंद चेंडू पुन्हा पुन्हा टाकायला सुरुवात केली. त्याला सडकून मार बसला. मी चुकचुकले, तेव्हा म्हातारबुवा पेन्सिल न उचलता म्हणाले, आज तो जिंकायला आलेला नाही, तो हा एक चेंडू शिकायला आला आहे.

मी क्रिकेट पाहत आले आहे त्याला पस्तीस वर्षे तरी झाली असतील. त्या काळात मी मोठ्या खेळाडूला यशस्वी होताना पाहिले आहे आणि अपयशी होताना पाहिले आहे. शिकताना फार क्वचित पाहिले आहे. शिकणे आपल्याकडे नेट्समध्ये होते आणि नेट्सवर आता पडदे असतात.

शोहेई ओतानीचे उदाहरण इथले लोक सराव हंगामाच्या गप्पांत हमखास काढतात. २०१८ साली तो जपानहून लॉस एंजेलिस एंजल्सकडे आला आणि टेंपीच्या मैदानावर, म्हणजे माझ्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर, त्याचा पहिला सराव हंगाम झाला. बॅटिंगमध्ये त्याला ३२ संधींत ४ हिट मिळाले आणि पिचर म्हणून तो इतका महागडा ठरला की याला आधी दुय्यम लीगमध्ये पाठवा, असे जाणते लोक लिहू लागले. त्या महिन्याच्या शेवटी त्याने बॅटिंग करताना पुढचा पाय उंच उचलण्याची सवय सोडली आणि नुसती टाच उचलून चेंडूची वाट पाहायला सुरुवात केली. हंगाम सुरू झाला आणि वर्षअखेरीस तोच अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. ही गोष्ट सांगताना इथले लोक बहुधा "सरावातल्या आकड्यांना काही अर्थ नसतो" असे म्हणून थांबतात. मला ती उलटी वाटते. त्या महिन्यात फार अर्थ होता. तो आकड्यांत नव्हता, पायात होता, आणि तिकीट काढून बसलेल्या कोणालाही तो पाहता येत होता.

आता आपल्याकडचे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडच्या कसोटीआधी भारतीय संघाचा एक सराव लोकांना खुला ठेवला गेला. हजारो लोक आले, अगदी जाळीपर्यंत गर्दी झाली, कोणी फेसबुक लाइव्ह करत होते, कोणी खेळाडूंवर शेरे मारत होते. खेळाडू वैतागले आणि त्या दौऱ्यात पुन्हा खुला सराव होणार नाही असे ठरले. पुढे २०२५ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या मालिकेआधी भारताने बेकनहॅमला आपल्याच दोन तुकड्यांत सामना खेळला, तोही बंद दाराआड. दादाचा मुद्दा असा की खेळाडूंचे बरोबरच होते. जाळीमागे उभे राहून शिव्या देणाऱ्या माणसाला सराव बघण्याचा कसला हक्क? आणि आज सरावात त्रिफळा उडाला तर संध्याकाळपर्यंत त्याची चित्रफीत दहा लाख लोकांनी पाहिलेली असते. मग कोण कशाला चारचौघांत नवा फटका शिकायला जाईल? शिवाय बेकनहॅमनंतरची ती मालिका आपण २-२ अशी बरोबरीत सोडवली, ओव्हलची कसोटी ६ धावांनी जिंकून. तेव्हा बंद दारांनी काही बिघडले असे म्हणता येत नाही. हे त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

मला मान्य नाही ते या सगळ्याचे कारण. दादा म्हणतो, आपले प्रेक्षकच तसे. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य फार सोयीचे असते. होकार दिला की इथल्या शिस्तीचे गोडवे गायला मोकळे. पण मी स्लोन पार्कमध्ये बिअर पिऊन उजव्या बाजूच्या खेळाडूला चार इनिंग्ज छळणारी टोळकी पाहिली आहेत आणि सहीसाठी लहान मुलांना बाजूला सारणारे, एकाच वेळी दहा-दहा चेंडू पुढे करून नंतर ते विकणारे महाभागही पाहिले आहेत. माणसे सगळीकडे सारखीच. फरक पडतो तो संख्येमुळे. पंधरा संघ, दहा मैदाने, प्रत्येकी तीसेक सामने; एवढ्या पसाऱ्यात नजर पातळ होते. आज नाही दिसला तर परवा दिसेल, इथे नाही तर ग्लेंडेलला दिसेल, हे माहीत असल्यावर कोण जाळीवर चढेल? ॲडलेडला जे झाले ते सराव खुला होता म्हणून झाले नाही. अख्ख्या दौऱ्यात असा खुला दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही नव्हता, म्हणून झाले.

हेच आपण २०२५ च्या जानेवारीत मायदेशीही पाहिले. ऑस्ट्रेलियातल्या ३-१ अशा पराभवानंतर क्रिकेट मंडळाने करारबद्ध खेळाडूंना देशांतर्गत क्रिकेट सक्तीचे केले आणि मोठी नावे रणजीत उतरली. रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध खेळला. त्याचा हा २०१५ नंतरचा पहिला रणजी सामना होता. विराट कोहली दिल्लीकडून रेल्वेविरुद्ध खेळला, तो तर २०१२ नंतर प्रथमच. दिल्लीला सकाळपासून हजारोंची रांग लागली, चेंगराचेंगरीसारखी स्थिती झाली, आणि दुसऱ्या दिवशी हिमांशू सांगवानने कोहलीचा ६ धावांवर त्रिफळा उडवल्यावर स्टँड भराभर रिकामे झाले. बारा वर्षांनी एकदा दर्शन मिळणार असेल तर लोक ते दर्शनासारखेच घेणार. रांग लावणार, मूर्ती दिसली की हात जोडणार आणि निघणार. मुंबईचा सामना चालू होता त्याच आठवड्यात, तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर, आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्र आणि बडोदा खेळत होते. दादा तीन दिवस तिथे होता. घरचा डबा नेला होता, खुर्ची सावलीत ओढून घेतली होती आणि त्याच्या शेजारच्या काकांनी एका डावखुऱ्या फिरकीपटूच्या मनगटावर अर्धा तास प्रवचन दिले, असे त्याने मला तेव्हा मोठ्या कौतुकाने सांगितले होते. त्या सामन्यात कोणीही जाळीवर चढले नाही. तो हे विसरला असावा.

इथे सगळे छान आणि तिथे काहीच नाही, असे मी म्हणत नाही. उलट हे सगळे आपल्याकडे होते. कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या, कुठे उसळणाऱ्या तर कुठे बसणाऱ्या खेळपट्टीवर कसोटीपटू आणि बँकेत नोकरी करणारा हौशी गोलंदाज एकमेकांसमोर येत आणि आझाद मैदानावर रस्त्याने जाणारा कोणीही छत्री सावरत दोन षटके पाहून पुढे जाई. शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे तर फुकटचे, कायमचे प्रेक्षागृह. तिथल्या लोकांना खेळाडूचे नाव माहीत होण्याआधी त्याची खोड माहीत झालेली असायची. परदेशी संघ येत तेव्हा कसोटीआधी तीन-तीन दिवसांचे सामने होत आणि ते लोक जाऊन पाहत. १९९८ च्या फेब्रुवारीत ब्रेबॉर्नवर मुंबई आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात झालेला सामना असाच कागदोपत्री बिनमहत्त्वाचा होता. सचिन तेंडुलकरने नाबाद २०४ धावा केल्या, शेन वॉर्नला १११ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही आणि मुंबईने १० गडी राखून सामना जिंकला. पण सचिनच्या लक्षात राहिले ते वेगळेच. वॉर्नने त्या सामन्यात राउंड द विकेट, लेगस्टंपबाहेरच्या खरबडीत गोलंदाजी केलीच नव्हती, म्हणजे ते अस्त्र त्याने कसोटीसाठी झाकून ठेवले होते. सचिनने मग चेन्नईला मुद्दाम खेळपट्टी खरवडून त्या माऱ्याचा सराव केला आणि तिथल्या कसोटीत दुसऱ्या डावात नाबाद १५५ धावा काढल्या. दाखवणे आणि लपवणे, दोन्ही त्या एका सराव सामन्यात चालू होते आणि दोन्ही हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत चालू होते. लपवण्यासाठी पडदे लागत नाहीत, हे वॉर्नला ठाऊक होते.

मग हे सामने गेले कुठे? वेळापत्रकाने खाल्ले हे खरेच, पण थोडा वाटा लबाडीचाही आहे. पाहुण्यांना सरावाला एका तऱ्हेची खेळपट्टी द्यायची आणि कसोटीला दुसऱ्या तऱ्हेची, हा यजमानांचा जुना डाव. २०२३ साली भारतात येताना ऑस्ट्रेलियाने सराव सामना खेळायचेच नाकारले, तेव्हा स्टीव्ह स्मिथने हेच कारण दिले होते, की मागच्या खेपेला आम्हाला हिरवी खेळपट्टी मिळाली होती. त्यांनी बंगळूरजवळ स्वतःचे शिबिर घेतले आणि नागपूरला पहिली कसोटी डावाने हरले. आपणही काही मागे नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा सामना आपण तीन दिवसांवर आणला. सराव सामना हा दोन्ही बाजूंना कटकटीचा वाटू लागला आणि प्रेक्षकाला कोणी विचारलेच नाही.

बेसबॉलमध्ये ही लबाडी संभवत नाही, हे इथे कबूल केले पाहिजे. पिचर उभा राहतो तो उंचवटा आणि बॅटर खेळतो ती होम प्लेट यांतले अंतर सगळीकडे सारखे, माती जवळपास सारखी, आणि मैदानाच्या आकारात फरक असला तरी चेंडू टप्पा पडून वळत नाही. सराव सामन्याची उपयुक्तता म्हणून इथे टिकली. क्रिकेटला ती मुद्दाम टिकवावी लागेल.

आणि इथल्या व्यवस्थेच्या पोटात काय आहे तेही बघितले पाहिजे, नाहीतर हा लेख पर्यटन खात्याचे पत्रक होईल. हे सगळे उभे आहे ते बऱ्याच अंशी नगरपालिकांच्या पैशावर. मेसात सरावाला येणाऱ्या शिकागो कब्ज संघाने फ्लोरिडाला जाण्याची हूल दिली तेव्हा मेसाच्या मतदारांनी २०१० साली जवळपास १० कोटी डॉलरपर्यंतच्या खर्चाला मंजुरी दिली आणि २०१४ साली सुमारे १५,००० प्रेक्षकांचे स्लोन पार्क उघडले. महिना-दीड महिन्यातले पंधरा-सोळा सामने, यासाठी एवढा खर्च. ज्या टूसॉनला १९४७ साली सुरुवात झाली, तिथून शेवटचे दोन संघ २०१० नंतर निघून गेले. फिनिक्सजवळ नवी, चकचकीत मैदाने मिळत होती आणि टूसॉन बाकीच्या संघांपासून दूर पडले होते. आमच्या बाजूला सुबत्ता दिसते तिची एक किंमत तिथे चुकती झाली आहे.

त्याहून मला लाजिरवाणी वाटणारी गोष्ट पगाराची आहे. वर मी ज्या ७४, ८८ आणि ९१ क्रमांकाच्या मुलांचे कौतुक केले, त्यांच्यासारख्या दुय्यम लीगमधल्या खेळाडूंना सरावाच्या या महिन्याचा पगारच मिळत नसे. बघायला तिकीट, घाम फुकट. २०१४ साली काही खेळाडूंनी दावा लावला, तो आठ वर्षे चालला आणि २०२२ साली मेजर लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २०२३ साली दुय्यम लीगच्या खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला, तेव्हा कुठे वर्षभराच्या वेतनाची सोय झाली. या एका बाबतीत दादाने मला गप्प केले. रणजी खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूला २०२१ पासून दिवसाला ६०,००० रुपये मिळतात आणि नवख्याला ४०,०००, म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्यात नवखाही दीड लाखावर घरी नेतो. मंडळावर टीका करण्याची मला सवय आहे. पण इथे त्यांचे पारडे जड आहे.

तिकीटही स्वस्त नाही. हिरवळीवरची साधी जागा, पार्किंग आणि दोन हॉट डॉग धरून दोघांचे शंभर डॉलर सहज जातात. मात्र त्या पैशात एक गोष्ट मिळते. सीलबंद पाण्याची बाटली आत नेऊ देतात, सावली कुठे आहे ते आधी सांगतात, आणि मेसात गाड्या लावून देण्यापासून जागा दाखवण्यापर्यंतची बरीच कामे होहोकॅम्स नावाच्या गावच्या संस्थेचे स्वयंसेवक करतात. त्यात निवृत्त शिक्षक, दुकानदार, आजीआजोबा असतात. आपल्या गणेशोत्सव मंडळातल्या कार्यकर्त्यांची लगबग डोळ्यांपुढे आणा, फक्त वय पस्तीसने वाढवा. याउलट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याजवळ गहुंजेला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी, डोक्यावर छप्पर नसलेल्या स्टँडमध्ये, प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना आणि संघटनेला माफी मागावी लागली. आपले प्रेक्षक बेशिस्त आहेत असे म्हणणाऱ्यांनी त्या स्टँडमध्ये एक दुपार बसून मग बोलावे. मुंबईत तर वानखेडे उभे राहिले तेच तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून. पाहणाऱ्याला किती जागा द्यायची, यावर आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीही मतभेद होते आणि ते भांडण दोन संस्थांमधले होते, पाहणारा त्यात नव्हताच.

एक गोष्ट ओझरती सांगते, कारण ती नियमांच्या शौकिनांना आवडेल. सराव हंगाम इथे नियमांचीही तालीम असतो. २०२५ च्या मार्चमध्ये चेंडू स्ट्राइक की बॉल, म्हणजे वैध की अवैध, हे ठरवणाऱ्या कॅमेऱ्यांकडे दाद मागण्याची पद्धत १३ मैदानांवर चालवून पाहिली. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरने स्वतः मागायची, आणि तीही तिथल्या तिथे टोपीवर किंवा हेल्मेटवर हात आपटून. आपल्या डीआरएससारखी सहाजणांची परिषद भरवायची सोय नाही. आपणही सामना चालू असताना एक खेळाडू बदलू देणारा इम्पॅक्ट खेळाडूचा नियम आयपीएलआधी मुश्ताक अली स्पर्धेत आजमावला होता, पण तेव्हा तो किती जणांनी मैदानात बसून पाहिला असेल?

तर माझे म्हणणे काय? घरच्या प्रत्येक कसोटी मालिकेआधी निवडीच्या आसपासच्या तीस-चाळीस खेळाडूंचे दोन-तीन सामने व्हावेत, एकाच वेळी, वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या गावी. नाशिकला मैदान आहे, सोलापूरला आहे, रणजी तिथे होतेच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दुलीप करंडकाचे सामने आंध्रातल्या अनंतपूरला झाले, बांगलादेशाविरुद्धच्या कसोटींच्या तोंडावर, आणि जगबुडी झाली नाही. रोहित, विराट आणि बुमराह मात्र त्यात नव्हते, आणि माझा मुद्दा नेमका तिथे आहे. सर्वांत मोठ्या तिघांना वगळून जे खुले ठेवले जाते त्याने नजर पातळ होत नाही, त्या तिघांवर आणखी साचते. दादा विचारतो, आणि विराटसारखा कोणी सोलापूरला आला तर शहर बंद पडेल त्याचे काय? पहिल्या वर्षी पडेल. दुसऱ्या वर्षी थोडे कमी पडेल. चौथ्या वर्षी शेजारचे काका त्याच्या पुढच्या पायाबद्दल बोलू लागतील.

मी फार आशावादी आहे असे त्याला वाटते. असेनही. स्लोन पार्कमध्येसुद्धा सातव्या इनिंगनंतर निम्मा उतार रिकामा झाला होता, हे मी त्याला सांगितले नाही. मोठे खेळाडू गेले, ऊन डोक्यावर आले, लोकांना रहदारी टाळायची होती. पण जे निम्मे राहिले त्यांनी ९१ क्रमांकाच्या पोराने नवव्या इनिंगमध्ये बरोबरीची धाव आणणारा फटका मारला तेव्हा त्याचे नाव ठाऊक नसताना उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्या जर्सीवर नाव शिवलेलेच नव्हते.

म्हाताऱ्या गृहस्थांचा तक्ता तोवर भरून गेला होता. एकेका जागेवर तीन-तीन खेळाडू बदलल्यामुळे रकाने पुरले नाहीत आणि शेवटच्या इनिंग्ज त्यांनी समासात, बारीक अक्षरांत लिहिल्या होत्या. उठताना त्यांनी तो कागद मला दिला. मोसमभर असे वीस भरतात म्हणे, घरी ठेवायला जागा नाही. मी त्याचा फोटो काढून दादाला पाठवला, सोबत एक अक्षरही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी माझी संध्याकाळ होता होता त्याचे उत्तर आले: "अगं, यात चौथ्या ओळीत तो उलटा 'के' कसला?"